पाळी आणि टॉक्सिक शॉक सिंड्रोम : धोका कशात आहे?

टॉक्सिक शॉक सिंड्रोम (टीएसएस) हा दुर्मिळ, पण वेळेत उपचार न झाल्यास जिवावर बेतणारा आजार आहे. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जिवाणू अनेकांच्या नाकात, त्वचेवर आणि काही स्त्रियांच्या योनीतही एरवी त्रास न देता राहतो. त्याच्या काही जातींचे विष रक्तात भिनले आणि शरीरात त्याविरुद्ध प्रतिपिंडे नसली, तर रक्तदाब कोसळतो आणि अवयव निकामी होऊ लागतात.

पाळीशी संबंध काय?

१९७८ मध्ये अमेरिकेतील डॉ. जेम्स टॉड यांनी सात मुलांच्या आजारावरून हे नाव रूढ केले. १९८० मध्ये तिथे पाळी चालू असलेल्या तरुणींमध्ये असे रुग्ण झपाट्याने वाढले. बहुतेकींनी टॅम्पॉन वापरले होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ‘रिलाय’ हा जास्त शोषणारा टॅम्पॉन बाजारातून मागे घेण्यात आला. मेन्स्ट्रुअल कप वापरणाऱ्यांमध्येही मोजके रुग्ण आढळले आहेत. बाहेर लावायच्या पॅडमध्ये हा धोका जवळपास नसतो.

बुधवार पेठेत हा प्रश्न का महत्त्वाचा?

पुण्याच्या बुधवार पेठेत देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांची जुनी वस्ती आहे. या व्यवसायात पाळीचे चार दिवस काम बंद म्हणजे कमाई बंद. म्हणून रक्त दिसू नये यासाठी कापसाचा बोळा किंवा स्पंजचा तुकडा आत ठेवण्याची पद्धत अनेक देशांत आढळते. त्याला टॅम्पॉनसारखा ओढायचा दोरा नसतो. तो आत सरकतो, कधी तसाच राहून जातो. शिवाय टॅम्पॉनच्या खोक्यावर टीएसएसची सूचना असते. कापसाच्या पुडक्यावर ती नसते.

लक्षणे कोणती?

अचानक १०२ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, उलट्या-जुलाब, अंगदुखी, उन्हाने भाजल्यासारखे लाल अंग, चक्कर, गोंधळलेपण. एक-दोन आठवड्यांनी तळहात-तळपायांची साल निघते.

काय करावे?

आत ठेवलेली वस्तू लगेच काढावी आणि तडक रुग्णालयात जावे. पाळी चालू आहे आणि आत काय ठेवले होते, हे डॉक्टरांना न लाजता सांगावे. नाहीतर हा साधा ताप किंवा पोटाचा संसर्ग समजला जाऊ शकतो. उपचारात सलाइन, प्रतिजैविके आणि गरजेनुसार अतिदक्षता विभाग लागतो.

टॅम्पॉन ४ ते ८ तासांत बदलावा. कप पाकिटावर दिलेल्या वेळेत रिकामा करून धुवावा. एकदा टीएसएस झालेल्या स्त्रीने टॅम्पॉन वा कप पुन्हा वापरू नये. हा आजार उलटू शकतो.