बडोद्याच्या ग्रंथमालेतला वराह

कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथाचा दुसरा भाग १९३९ साली बडोद्याहून प्रसिद्ध झाला. ‘गायकवाड्‌स ओरिएंटल सीरिज’मधला हा ८४वा ग्रंथ, संपादक जी. के. श्रीगोंदेकर. पहिला भाग त्यांनीच १९२५ साली काढला होता. मराठी वाचकाला ‘मानसोल्लास’ परका नाही. शके १०५१, म्हणजे इ. स. ११२९च्या सुमाराच्या या ग्रंथात संगीताच्या प्रकरणात मराठीतली अगदी जुनी पद्यं सापडतात, म्हणून भाषेचे अभ्यासक त्याचं नाव घेतात. मांडे आणि श्रीखंडाची पूर्वज शिखरिणी त्यात आहे, म्हणून खाद्यसंस्कृतीवर लिहिणारेही त्याचा दाखला देतात. पण ज्या ‘अन्नभोग’ प्रकरणातून मांडे उचलले जातात, त्याच प्रकरणात आख्खा डुक्कर साफ कसा करायचा, भाजायचा कसा, कापायचा कसा आणि त्याच्या आतड्यांचं नि काळजाचं काय करायचं, हेही तितक्याच आस्थेने सांगितलेलं आहे. हा भाग आपल्या खाद्यइतिहासात सहसा येत नाही. माझं म्हणणं असं, की तो वगळल्यामुळे दख्खनच्या स्वयंपाकाचा इतिहास निम्माच लिहिला गेला आहे. वराहाचं मांस निवडणं, सिद्ध करणं आणि त्यातलं काही वाया न घालवणं ही इथली स्वतःची, वरच्या दर्जाची पाककला होती, आणि तिचा सर्वांत भक्कम पुरावा बडोद्याने छापून ठेवलेला आहे.

पुरावा नीट पाहू. सोमेश्वराच्या ग्रंथात जनावराचे केस काढायच्या दोन रीती आहेत. पहिलीत धडावर पांढरं कापड पांघरायचं आणि त्यावरून कढत पाणी ओतत राहायचं. कापडामुळे उष्णता एकाच जागी चटका न देता सगळीकडे सारखी मुरते, केसांची मुळं सैल होतात आणि केस हाताने उपटून येतात. उरलेले पात्याने काढायचे. दुसरीत अंगाला चिखल लिंपायचा आणि गवताच्या जाळावर धरायचं, म्हणजे केस जळतात आणि कातडी मात्र शाबूत राहते. डुकराची कातडी सोलून टाकण्याची वस्तू नव्हे. भाजल्यावर तीच कुरकुरीत होते आणि तिच्याखालची चरबी मांसाला ओलं ठेवते. हे ज्याला माहीत आहे त्यालाच कातडी वाचवण्याचा एवढा खटाटोप सुचेल. साफ झालेलं धड धुऊन निखाऱ्यावर भाजायचं, मग तुकडे करून हिंग-मीठ लावून पुन्हा परतायचं किंवा आंबट रसात शिजवायचं. या प्रकाराला ‘सुंठक’ म्हटलं आहे. भाजलेल्या मांसाच्या ताडपत्रासारख्या पातळ, लांब पट्ट्या कापून त्या मसाल्याच्या दह्यात घालायच्या, ती ‘चक्कलिका’. आतडी मसाला भरून निखाऱ्यावर भाजायची, ती ‘मंडलीय’. काळीज सुपारीएवढे तुकडे करून भाजायचं आणि दह्यात किंवा मोहरीच्या रसात सोडायचं. कढत पाणी, जाळ, सुरी, निखारा, दही या क्रमात एकही पायरी शोभेची नाही. प्रत्येक पायरीमागे खाटकाचा आणि आचाऱ्याचा अनुभव बोलतो आहे.

निवडीचं शास्त्र याहून जुनं आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात २७व्या अध्यायात कोणतं मांस टाकून द्यावं ते सांगितलं आहे: आपोआप मेलेल्या, रोडावलेल्या, फार मेदाच्या, म्हाताऱ्या, अगदी कोवळ्या, विषाने मेलेल्या आणि हिंस्र प्राण्याने मारलेल्या जनावराचं. त्याच यादीत एक अट आजच्या चोखंदळ खाणाऱ्यालाही चकित करील अशी आहे: जे जनावर आपल्या स्वाभाविक रानात चरून वाढलेलं नाही, त्याचंही मांस घेऊ नये. स्पेनमधला माणूस ओकची फळं खाऊन रानात वाढलेल्या डुकराच्या मांडीला जास्त पैसे मोजतो, त्यामागे हाच विचार आहे. वराहाच्या मांसाचे गुण सांगताना त्याच अध्यायात ते बल देणारं, श्रम हरणारं, रुची आणणारं, पण पचायला जड असं म्हटलं आहे.

आता पहिला आक्षेप. हा राजाचा ग्रंथ, त्यात राजाचे चोचले; त्यावरून प्रदेशाची पाककला ठरवायची का? आक्षेप रास्त आहे. सोमेश्वराचं ताट हे शेतकऱ्याचं ताट नव्हतं. पण ताट वेगळं असलं तरी कसब वेगळं असतंच असं नाही. गवताच्या जाळावर केस जाळण्याची रीत राजवाड्यात बसून कुणाला सुचत नाही. ती शिकार्‍याची आणि गावकऱ्याची रीत आहे, राजाने ती लिहवून घेतली एवढंच. आजही महाराष्ट्रात मुंडी आणि पाय जाळावर धरून, केस जाळून, सुरीने खरवडूनच चुलीवर चढतात. जनावर बोकड असतं एवढाच फरक. शिवाय सोमेश्वराच्या प्रकरणात शेतातले उंदीर भाजण्याचीही कृती आहे. डुक्कर आणि शेतातले उंदीर या दोन्ही गोष्टी खाण्याबद्दल वडारांसारख्या कष्टकरी समाजांना आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हिणवलं गेलं. ज्या जिनसा बाराव्या शतकात दख्खनच्या सम्राटाच्या पंक्तीत मानाने वाढल्या जात होत्या, त्या सांभाळणाऱ्यांनाच पुढे त्याच जिनसांवरून खालचं ठरवलं गेलं. खाद्यइतिहास लिहिणाऱ्याने हा अन्याय नोंदवला पाहिजे, कारण तो मांड्यांचं वर्णन करून भरून निघत नाही.

दुसरा आक्षेप धर्माचा. वराह हा विष्णूचा अवतार. त्यातून चालुक्यांच्या मुद्रेवर आणि ध्वजावर वराहच होता. मग त्या घराण्याचा राजा वराह खाईल कसा? याचं उत्तर ग्रंथच देतो: खात होता, आणि त्याची कृती लिहिताना त्याला कसलाही संकोच वाटला नाही. स्मृतीही इथे सरसकट बोलत नाही. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात गावडुकराला लसूण-कांद्याच्या पंक्तीत बसवून निषिद्ध ठरवलं आहे, तर तिसऱ्या अध्यायात रानडुकराच्या मांसाने पितर दहा महिने तृप्त राहतात असं सांगितलं आहे. म्हणजे निषेध प्राण्याला नव्हता, उकिरड्यावर वाढण्याला होता. चरकाची रानाची अट आणि मनूचा हा भेद, दोन वेगळ्या शास्त्रांतून निघून, एकाच ठिकाणी येतात. पुढे हा भेद पुसला गेला आणि ‘डुक्कर’ म्हटलं की फक्त उकिरडा डोळ्यांसमोर येऊ लागला. सुलतानशाह्यांच्या काळात दरबारी स्वयंपाकाचा आदर्श बदलला आणि डुक्कर त्यात बसण्यासारखा नव्हता, हे एक कारण मला दिसतं. मात्र सगळा भार त्यावरच टाकणं मला पटत नाही. वैष्णव आणि जैन अहिंसाविचाराने वरच्या जातींचं पान आधीपासूनच बदलत आणलं होतं.

या दुसऱ्या कारणाचा पुरावाही बडोद्याच्याच ग्रंथमालेत आहे, आणि माझ्या मते या शहराचं मोठेपण इथेच आहे. मालेचा नववा ग्रंथ ‘मोहराजपराजय’ १९१८ साली निघाला. यशःपालाचं हे रूपकात्मक नाटक अणहिलवाड पाटणचा राजा कुमारपाल याच्याविषयी आहे. त्यात राजा कृपासुंदरीशी विवाह करतो आणि राज्यातून द्यूत, मद्य, मांस आणि हत्या यांना हद्दपार करतो. कुमारपाल ११४३च्या सुमारास गादीवर आला, सोमेश्वराच्या मृत्यूनंतर जेमतेम पाच वर्षांनी. एक चालुक्य भाजलेल्या वराहाची कृती लिहितो, नावाने जवळचा दुसरा चौलुक्य प्राणिहत्येलाच बंदी घालतो. दोन्ही एकाच शतकात, आणि दोन्ही ग्रंथ एकाच मालेत. सयाजीराव तिसऱ्यांनी सेंट्रल लायब्ररीच्या संस्कृत विभागातून ही माला सुरू करवली. तिचा पहिला ग्रंथ, राजशेखराची ‘काव्यमीमांसा’, १९१६ साली आला. पाटण तेव्हा बडोदे संस्थानातच होतं आणि तिथल्या जैन भांडारांतल्या पोथ्यांची पाहणी चिमणलाल दलालांनी केली होती. राज्यकर्ते मांसाहारी मराठे, भोवतालचा समाज बराचसा वैष्णव आणि जैन. अशा ठिकाणी कुणाच्या भावनेसाठी एखादा अध्याय गाळणं सोपं गेलं असतं. श्रीगोंदेकरांनी ‘अन्नभोग’ पुरता छापला. शोध करणाऱ्याने कसं वागावं याचा हा धडा आपण नंतरच्या पिढ्यांनी पुरता घेतला नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत विचार करायला लावणारा वाटतो. ही कला इतकी मुरलेली होती, तर युरोपातल्या हॅमसारखी, महिनोन्‌महिने टिकणारी मांडी इथे का नाही झाली? नाताळात किंवा ईस्टरला कापायची खारवलेली मांडी ही त्या कलेची खूण मानली, तर आपल्याकडे ती नाही हे खरं. पण याचं उत्तर हवेत आहे. मांडी खारवायची म्हणजे मीठ हाडापर्यंत पोचेपर्यंत मांस कुजता कामा नये. मीठ हळू चालतं, कुजणं झपाट्याने होतं. थंडी असली तरच मीठ ही शर्यत जिंकतं. म्हणून युरोपात नोव्हेंबरात, ११ तारखेच्या सेंट मार्टिनच्या सणाच्या आसपास, जनावरं मारायची चाल होती, आणि चीनमध्ये जिनहुआचं हॅमही हिवाळ्यात खारवायला घेतात. बडोद्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री गार असल्या तरी दुपारचा पारा तिशीच्या आसपास जातो. कल्याणीची गत फार वेगळी नाही. अशा हवेत हाडासकट मांडी टांगून ठेवणारा आचारी शहाणा म्हणता येणार नाही. इथल्या आचाऱ्याने दुसरी वाट धरली: मांस पातळ कापायचं, आधी भाजून पाणी उडवायचं, मग हिंग, मीठ, मोहरी आणि आंबट यांच्या हवाली करायचं. चक्कलिकेच्या ताडपत्री पट्ट्या मला याच दृष्टीने महत्त्वाच्या वाटतात. पातळ पट्टीत मीठ आणि आंबट लगेच आरपार जातं, जाड मांडीत जात नाही.

हीच वाट गोव्यात आजही चालू आहे. गोव्याची चोरीस सॉसेजं पाहा: डुकराचं मांस आणि चरबी बारीक कापून मीठ, लाल मिरची, लसूण आणि माडाच्या व्हिनेगरमध्ये मुरवायची, आतड्यात भरायची, उन्हाधुरावर वाळवायची आणि पावसाळ्यासाठी टांगून ठेवायची. नाताळातल्या सोरपोतेलमध्ये मांसाबरोबर काळीज आणि बऱ्याचदा रक्तही जातं. ते दोन-तीन दिवस आधी रांधतात, रोज गरम करतात आणि मुरल्यावरच पानात वाढतात. पोर्तुगिजांनी व्हिनेगरची चटक आणि आपली नावं आणली हे निर्विवाद आहे, आणि गोव्याची ही कृती सोमेश्वराच्या कृतीची वंशज आहे असं मी म्हणत नाही, तसा पुरावा नाही. सांगायचं ते इतकंच, की उष्ण हवेत डुक्कर पुरवून खाण्याची समस्या जिथे आली तिथे उत्तर सारखं निघालं, आणि ते उत्तर दख्खनमध्ये पोर्तुगिजांच्या जवळजवळ चारशे वर्षं आधी लिहून ठेवलेलं होतं.

राहिला प्रश्न आजचा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला आळा घातला आणि ते योग्यच झालं. सोमेश्वराचा रानडुक्कर कुणाच्या पानात पुन्हा येणार नाही, येऊ नये. पण कृती वाचवायला शिकार लागत नाही. स्वच्छ खाद्यावर वाढवलेल्या पाळीव डुकराची मांडी घेतली तर चरकाची अट बरीचशी पाळली जाते. पाळीव जनावरात चरबी जास्त असते, म्हणून निखाऱ्यापासून अंतर वाढवावं लागेल आणि भाजायला वेळ जास्त द्यावा लागेल. आतलं मांस गुलाबी न ठेवता पुरतं शिजवायचं, हा आरोग्याचा नियम इथे मोडायचा नाही. पहिल्या दिवशी हिंग-मीठ लावलेले कातडीसकट तुकडे. उरलेल्याच्या पातळ पट्ट्या करून मोहरी फेसून लावलेल्या दह्यात, त्याही दुसऱ्या दिवशी संपतील इतक्याच. काळजाच्या सुपारीएवढ्या फोडी मात्र त्याच दिवशी निखाऱ्यावर, कारण तो अवयव टिकत नाही. हाडांचा आणि खुरांचा ग्रंथात मला दिसलेल्या कृतींत उल्लेख नाही. त्यांचं काय करायचं ते पायासूप करणाऱ्या कोणत्याही मराठी घराला सांगावं लागत नाही.