रविवारच्या विश्रांतीविषयी संपादकाची तळटीप

ग्रंथकाराने येथे रविवारास सरसकट ‘शब्बाथ’ म्हटले असले, तरी मोशेच्या आज्ञेतील विश्रांतिदिन हा आठवड्याचा सातवा दिवस, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंतचा होय, आणि येशू व त्याचे आद्य शिष्य, जन्माने यहुदी असल्यामुळे, तोच पाळीत असत, हे वाचकाने ध्यानी ठेवावे. आठवड्याच्या पहिल्या दिवशी येशूचे पुनरुत्थान झाले अशी चारही शुभवर्तमानांची साक्ष असल्याने त्या दिवशी एकत्र जमण्याचा परिपाठ पडला. दुसऱ्या शतकाच्या मध्यास जस्टिन मार्टर याने केलेल्या वर्णनात शास्त्रवाचन, उपदेश, भाकर, पाणी घातलेला द्राक्षारस, गैरहजरांच्या घरी पोचविलेला वाटा आणि अनाथ-विधवांसाठी जमविलेली वर्गणी, असा रविवारचा सारा क्रम आढळतो. परंतु ही उपासना होती, सुटी नव्हे. रोमन साम्राज्यातील गुलामास त्या दिवशीही धन्याची चाकरी चुकत नसे. सक्तीच्या विश्रांतीचा हुकूम इ. स. ३२१ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनच्या फर्मानाने सुटला, आणि त्यात न्यायाधीश, नगरवासी व कारागीर यांनी ‘सूर्याच्या पूज्य दिवशी’ काम थांबवावे, शेतकऱ्यास मात्र पेरणीचा व द्राक्षवेली लावण्याचा हंगाम दवडू नये म्हणून मुभा असावी, असे फर्माविले होते. यावरून रविवार ही कॉन्स्टंटाइनचीच निर्मिती होय असे म्हणणाऱ्यांचे मत मला सर्वथा अग्राह्य वाटते, कारण उपासनेचा दिवस त्याच्या कितीतरी आधी रूढ झाला होता. शब्बाथाची आज्ञा रविवारास कसोशीने लागू करण्याचा आग्रह पुढे इंग्लंड-स्कॉटलंडच्या प्युरिटनांनी धरला. उलट सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथ आजही शनिवारच पाळतो. — संपादक