पेशी फुटली, काम चालूच

पावाचं पीठ फुगतं, द्राक्षरसाची दारू होते, ती यीस्टमुळे. पण हे काम जिवंत यीस्ट करतं, की त्याच्या पोटातला एखादा पदार्थ? एकोणिसाव्या शतकात यावरून मोठा वाद झाला. जीव ही रसायनापलीकडची काही शक्ती आहे का, हाच त्यामागचा प्रश्न. लुई पाश्चर म्हणत, जिवंत पेशीशिवाय आंबणं नाही. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग म्हणत, ही निव्वळ रासायनिक क्रिया. निकाल न पाहताच दोघेही गेले.

निकाल लागला १८९७ साली, तोही साखरेमुळे. जर्मनीत एडुआर्ड बुखनर यांनी यीस्ट वाळूबरोबर घोटून पेशी फोडल्या आणि दाबयंत्रात पिळून रस काढला. त्यांचे बंधू हान्स जंतुशास्त्रज्ञ. रस औषधी प्रयोगांसाठी हवा होता. तो नासू नये म्हणून, आपण मुरांब्यात घालतो तशी, त्यात भरपूर साखर घातली. आणि रसातून बुडबुडे येऊ लागले! गाळून घेतलेल्या, पेशी नसलेल्या रसातही साखरेचं मद्यार्क होत होतं.

बुखनर यांनी त्या करामती पदार्थाला ‘झायमेज’ म्हटलं. १९०७ चं नोबेल त्यांना मिळालं. पुढे कळलं, झायमेज हा एकटा पदार्थ नव्हेच, तो विकरांचा म्हणजे एन्झाइमांचा ताफा आहे. साखरेचा रेणू एका विकराकडून दुसऱ्याकडे जातो; प्रत्येक जण आपला ठरलेला बदल करतो, स्वतः मात्र खर्ची पडत नाही. पाश्चरही अगदीच चुकले नव्हते, असं मला वाटतं. ही विकरं घडवते जिवंत पेशीच.

१९२६ साली अमेरिकेत जेम्स सम्नर यांनी युरिएज या विकराचे स्फटिक मिळवले आणि ते प्रथिन असल्याचं सांगितलं. तेही अनेकांना बरीच वर्षं पटलं नाही.