वकील बॉनार आणि शंभर फ्रँक

पिएर बॉनार म्हटलं की आपल्याला त्याची उजळ रंगांची तैलचित्रं आठवतात. पण वकिलीतून त्याची सुटका झाली ती एका छापील पोस्टरमुळे. आज आपण तिकडे वळू.

जन्म १८६७चा. वडील फ्रान्सच्या युद्धखात्यात अधिकारी. मुलानं कायदा शिकावा, ही त्यांची इच्छा. १८८८ साली त्यानं पदवी घेतली, पुढे वकिलीची शपथही घेतली. चित्रकलेचं शिक्षण मात्र सोबत चालूच होतं. मग शॅम्पेनच्या जाहिरातीचं त्याचं पोस्टर शंभर फ्रँकला विकलं गेलं. वडील खूश झाले. १८९१मध्ये ते पॅरिसच्या भिंतींवर लागलं.

हे शिळाछापाचं काम. चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूनं रेखाटायचं, दगड ओला करायचा. मग शाई फक्त रेखाटनालाच धरते. रंगागणिक दगड वेगळा, म्हणून रंग मोजके आणि सपाट. जपानी छापचित्रांतूनही तो हेच शिकला. १८९९मध्ये व्होलार यांनी त्याचा पॅरिसवरचा बारा शिळाछापांचा संच काढला: रस्ते, पूल, गाड्या, माणसं.

आम्ही तत्त्वज्ञानवाले इच्छास्वातंत्र्यावर तासन्‌तास बोलतो. पण ते शंभर फ्रँक आले नसते तर? इच्छेला आधारही लागतो, हे बॉनारकडून आपण शिकायला हवं.