लोलाची दुसरी नोकरी

जुना कोड दिसला की उडवून टाकायला माझे हात शिवशिवतात. पण लोलाची गोष्ट वाचल्यापासून जरा दमानं घेतो.

लोला म्हणजे साडेतीन मीटरपेक्षा थोडी लांब, तांब्याची नळी. १९६०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या स्लॅक प्रयोगशाळेत लो, लार्सन आणि आल्टेनम्यूलर यांनी ती बनवली. नावही त्यांच्याच आडनावांवरून. काम काय, तर टकरीतून निघालेले कण २८५६ मेगाहर्ट्झच्या लहरींनी बाजूला ढकलून निवडायचे. थोडक्यात, चाळणी! ते काम संपलं आणि बाई रिटायर झाल्या.

२०००च्या सुमारास वेगळीच अडचण उभी राहिली. एक्स-रे लेसर हवा तर इलेक्ट्रॉनांचा पुंजका अगदी आखूड लागतो. तेवढाच चार्ज कमी लांबीत कोंबला की करंट वाढतो. आता १०० फेमटोसेकंदांचा पुंजका म्हणजे लांबी फक्त ३० मायक्रॉन, केसाच्या जाडीच्या निम्मी. हा मोजायचा कसा? स्ट्रीक कॅमेरासुद्धा इथे हात टेकतो.

तेव्हा लोलाची आठवण झाली. बागेत पाणी घालताना पाइप झटकन वर नेला तर आधी निघालेलं पाणी खाली पडतं, नंतरचं वर. तसंच इथे. पुंजका आत शिरताना लहर बरोब्बर शून्यावर असेल, तर डोकं एका बाजूला ढकललं जातं, शेपूट दुसऱ्या, मधला भाग सरळ. पुढच्या पडद्यावर उभी रेघ उमटते. वेळेचं झालं अंतर!

लोला मग जर्मनीत हॅम्बुर्गच्या डेझी प्रयोगशाळेत गेली. तिथलं यंत्र १३०० मेगाहर्ट्झचं, ही २८५६ची. भाग जात नाही, त्यामुळे दोन्ही घड्याळं जुळवणं आलंच. पण पडद्यावर पुंजक्याचा खरा आकार दिसला: पुढे टोकदार सुळका, मागे लांब शेपूट. नुसती लांबी मोजून हे कधीच कळलं नसतं.

एक खोट मात्र राहिली. पडद्यावर आपटलेला पुंजका लेसरच्या कामातून गेला. स्लॅकच्या एलसीएलएसमध्ये २००९ साली एक्स-रे लेसर सुरू झाला. २०१३मध्ये तिथे लोलाची धाकटी बहीण बसवली, बरोब्बर चौपट फ्रीक्वेन्सीची, आणि तीही लेसरच्या पुढे. म्हणजे आधी पुंजक्याने प्रकाश द्यायचा, मग मापाला उभं राहायचं. कुठल्या भागाची किती ऊर्जा गेली हे पाहून एक्स-रेच्या झोताचा आकारही कळतो, काही फेमटोसेकंदांच्या बारकाईने.

असो. डिलीटचं बटण दाबण्याआधी आता एकदा विचारतो, याचं काम संपलंय की नुसती नोकरी?