किरणोपचारोत्तर त्वचाकर्करोग

पूर्वी किरणोपचार झालेल्या जागेच्या त्वचेवर नव्याने होणारा कर्करोग. मूळ रोग उलटण्याशी याचा संबंध नसतो. तो बहुधा दहा वर्षे उलटल्यावर, पुष्कळदा वीस-तीस वर्षांनी दिसतो. एवढ्या काळात रुग्णाचे डॉक्टर बदललेले असतात, कागद गहाळ झालेले असतात आणि लहानपणी घेतलेला ‘शेक’, म्हणजे किरणोपचार, घरात कोणाला आठवतही नाही. निदानाला उशीर होतो तो मुख्यतः यामुळे.

किरणांमुळे पेशींतील डीएनए तुटतो. तो चुकीचा सांधला जाऊनही जी पेशी जगते, तिच्यातून पुढे गाठ होऊ शकते. सर्वांत जास्त आढळतो तो बेसल सेल कर्करोग. तो सावकाश वाढतो आणि सहसा दूर पसरत नाही. स्क्वेमस सेल कर्करोग त्याहून आक्रमक असतो. स्तनावरील किरणोपचारानंतर क्वचित होणारा अँजिओसार्कोमा मात्र घातक असून तो त्वचेवर जांभळट डागासारखा दिसतो.

राँटगेन यांनी क्ष-किरण शोधले १८९५ साली. १९०२ मध्ये हँबर्ग येथे क्ष-किरणांशी काम करणाऱ्याच्या हातावरील त्वचाकर्करोगाची नोंद झाली. खरा धडा मिळाला तो मुलांकडून. डोक्यातील नायट्यासाठी केस गळून पडावेत म्हणून त्या काळी क्ष-किरण देत. असे उपचार झालेल्या इस्राएलमधील सुमारे ११ हजार मुलांचा पुढे अनेक वर्षे मागोवा घेतला गेला, तेव्हा टाळूवर बेसल सेल कर्करोगाचे प्रमाण वाढलेले आढळले. न्यूयॉर्कच्या तशाच पाहणीत हे कर्करोग जवळजवळ सगळे गोऱ्या मुलांत निघाले. वय जितके लहान तितका धोका अधिक. गॉर्लिन सिंड्रोमसारख्या आनुवंशिक विकारात तर किरणोपचार शक्यतो टाळतात.

भारतीयांच्या सावळ्या त्वचेत त्वचाकर्करोग मुळातच कमी. आपल्याकडे तो पुष्कळदा जुनाट जखमेतून उद्भवतो. टाटा स्मारक रुग्णालयाचे वि. रा. खानोलकर यांनी कमरेवरच्या ‘धोतराच्या कर्करोगा’चे वर्णन १९४५ मध्ये केले होते. किरणांनी पातळ झालेली, वारंवार चिघळणारी त्वचाही त्याच जातीची जोखीम होय.

शिरोळ तालुक्यातल्या नृसिंहवाडीच्या रुग्णाला किरणोपचारासाठी मिरज किंवा कोल्हापूर गाठता येते. पंचगंगेचे प्रदूषण आणि उसावरील फवारण्या यांच्या संदर्भात या तालुक्यात कर्करोगाची चर्चा सतत चालते. त्या भीतीत ‘शेकानेच कर्करोग होतो’ ही समजूत मिसळली की रुग्ण उपचार अर्धवट सोडतो. हे सर्वांत वाईट. कोबाल्ट यंत्राची कमाल मात्रा त्वचेखाली सुमारे अर्धा सेंटिमीटर, तर लिनॅकची (रेषीय त्वरक यंत्राची) सामान्यतः दीड सेंटिमीटर खोलीवर पडते, त्यामुळे जुन्या कमी शक्तीच्या क्ष-किरण यंत्रांच्या मानाने त्वचा बरीच वाचते. उपचाराचा लाभ या दूरच्या धोक्याहून कितीतरी मोठा असतो.

शेतात काम करणाऱ्यांनी उपचार झालेला भाग पदराने, टॉवेलने किंवा पूर्ण बाह्यांच्या सदऱ्याने उन्हापासून झाकावा. त्या जागी महिनाभर न भरणारी जखम, चकचकीत उंचवटा, खपली निघून पुन्हा रक्त येणारा ठिपका किंवा जांभळा डाग दिसल्यास मलम लावत बसू नये. किती मात्रा, शरीराच्या कोणत्या भागाला, कोणत्या साली दिली हे लिहिलेला उपचाराचा कागद जपून ठेवावा आणि डॉक्टरांना आधी तोच दाखवावा.