राजदूत ३५० आणि हरवलेली डिस्क

परवा फोंड्याच्या एका स्नेह्याकडे गेलो, तर पडवीत त्यांची जुनी राजदूत ३५० पुढचे चाक काढून उभी केलेली. बापलेकांचा वाद रंगला होता. मुलगा म्हणत होता, "बाबा, हा ड्रम काढून टाकूया. नव्या गाडीची डिस्क बसवून घेऊ." बाबांचे उत्तर एकच, "गाडी ओरिजिनल राहिली पाहिजे." मला पंच म्हणून बसवले. पण ओरिजिनल म्हणजे काय, हे ठरवायचे तर थोडे मागे जावे लागते.

ही गाडी मूळची जपानची. यामाहाने १९७३ साली आरडी ३५० बाजारात आणली, तेव्हा तिच्या पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक होता. दहा वर्षांनी, १९८३ साली, एस्कॉर्ट्स कंपनीने तीच गाडी राजदूत ३५० म्हणून आपल्याकडे बनवायला घेतली. दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, सहा गियर सगळे आले. डिस्क मात्र आली नाही. खर्च कमी करण्यासाठी तिच्या जागी सात इंची ड्रम बसवला गेला. इंजिनाची ताकदही उतरवली होती. तरी पहिल्या प्रकारात साडेतीस आणि नंतरच्यात २७ अश्वशक्ती होती. त्या काळच्या आपल्या रस्त्यांवर हे प्रकरण जबरच होते.

ड्रमवर सगळा दोष टाकणे बरोबर नाही. साध्या ड्रममध्ये दोन शूंपैकी एकच शू फिरत्या ड्रमबरोबर ओढला जाऊन घट्ट बसतो. राजदूतच्या पुढच्या ड्रममध्ये दोन्ही शू तसे बसतात. त्यासाठी बाहेर दोन लिव्हर असतात आणि त्यांना जोडणारी एक बारीक दांडी. त्या दांडीची लांबी चुकली की एकच शू काम करतो आणि ब्रेक अर्धा होतो.

आमच्या मुलखात अडचण वाढते. टू-स्ट्रोक गाडीला फोर-स्ट्रोकसारखा इंजिनाचा रोध मिळत नाही. चोर्ला किंवा अनमोड घाट उतरताना सगळा भार ब्रेकवर. ड्रम तापला की पकड सुटत जाते. पावसाळ्यात ड्रममध्ये पाणी शिरले तर ते सुकेपर्यंत भरवसा नाही. डिस्क उघड्यावर असते, म्हणून लवकर थंड होते आणि पाणीही चटकन झटकते.

ऐंशीचे दशक संपता संपता ही गाडी बनणे थांबले. सुटे भाग मिळेनासे झाले. मग मेकॅनिक जुन्याच शूंना नवे लायनर चिकटवू लागले. पुढे १९९९ साली हिरो होंडाची सीबीझेड आली आणि डिस्कचे भाग आपल्याकडे सहज मिळू लागले. जुन्या राजदूतींना दुसऱ्या गाड्यांच्या डिस्क लागल्या त्या अशा. म्हणजे कारखान्याने जे वगळले, ते गॅरेजवाल्यांनी परत बसवले. या हिशेबाने मुलगाही ओरिजिनलच मागत होता!

पण नुसती डिस्क आणून चालत नाही. फोर्कवर कॅलिपर बसायला जागा हवी, हब आणि ॲक्सल जुळायला हवेत, मास्टर सिलिंडर त्या कॅलिपरच्या मापाचा हवा. तो मोठा पडला तर लिव्हर दगडासारखा लागतो, लहान पडला तर हँडलला टेकतो. म्हणून जाणकार एकाच गाडीचा फोर्क, चाक, कॅलिपर आणि मास्टर सिलिंडर असा पूर्ण संच घेतात. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते, त्यामुळे आमच्या दमट हवेत ते वेळेवर बदलावे लागते. इतका बदल करण्यापूर्वी आरटीओत विचारून घेणेही बरे. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम गाडीतल्या फेरफारांबद्दल आहे, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर कडक निकाल दिला आहे.

त्याच वर्षी १ एप्रिलपासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचे झाले. जुन्या गाड्यांचा ब्रेक मात्र मालकाच्या जबाबदारीवरच राहिला.

शेवटी आम्ही ड्रम नीट पाहिला. मुलगा आतली धूळ फुंकणार होता, त्याला थांबवले. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, धूळ ओल्या फडक्याने पुसावी. मग दिसले ते असे. एक शू पार झिजलेला आणि दुसरा जवळजवळ नव्यासारखा. दांडीची लांबी चुकलेली! किती वर्षे गाडी अर्ध्या ब्रेकवर धावत होती कोण जाणे.

बाबा गप्प झाले. आता दोन्ही शूंना नवे लायनर लावून ते लेथवर ड्रमच्या गोलाईला घासून घ्यायचे ठरले आहे. त्यानंतर बापलेक एखादा उतार सावकाश उतरून पाहणार. ब्रेक पुरला नाही तर डिस्क, असे बाबांनी कबूल केले आहे. अट एवढीच, जुना ड्रम भंगारात द्यायचा नाही.